शक्तिमान गप्प का बसला?

२०२० सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. टाळेबंदी लागलेली होती. नेरूळला आमच्या इमारतीखालच्या ज्या रस्त्यावर एरवी सकाळी भाजीवाले आणि शाळेच्या बसगाड्या यांची दाटी असते, तिथे कुत्री भर दुपारी निवांत आडवी पडलेली असत. माणसे घरात आणि घरात दूरदर्शन! राष्ट्रीय वाहिनीवर दुपारी एक वाजता ‘शक्तिमान’ पुन्हा सुरू झाला होता आणि डीडी भारतीवर बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’. आमचे चिरंजीव ऐरोलीच्या कचेरीचे काम जेवणाच्या टेबलावर मांडून बसत. पण एकच्या ठोक्याला संगणक मिटून, सात वर्षांच्या लेकीला काखोटीला मारून टीव्हीसमोर हजर होत. लेकीला शक्तिमान दाखवायचा आहे, असे कारण सांगत. खरे कारण आम्हाला ठाऊक होते. १९९७ च्या सप्टेंबरात ही मालिका सुरू झाली तेव्हा हेच चिरंजीव दहा वर्षांचे होते आणि मजल्यावरची निम्मी मुले आमच्याच घरात सतरंजीवर बसून ती पाहत असत.

संध्याकाळी ‘महाभारत’ लागे. भीष्माच्या पांढऱ्या दाढीमागे दुपारचेच मुकेश खन्ना आहेत, हे गुपित बापाने लेकीला सांगून टाकले होते. द्यूतसभेचा भाग आला. द्रौपदीला ओढत आणले गेले. घरातले सगळे गप्प. सगळ्यांना पुढचे ठाऊक होते, तरी गप्प. आणि नात माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, तो शक्तिमान तिथे बसलाय ना? मग तिला वाचवत का नाही?”

आम्ही हसलो. सुरेंद्र पाल यांचे द्रोणाचार्यही त्याच सभेत होते, म्हणजे दुपारचा तमराज किलविष. त्यांच्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. किलविषाने गप्प बसावे हे तिला रीतसरच वाटत होते. पण शक्तिमानाने? हसणे ओसरल्यावर माझ्या लक्षात आले की मला उत्तर देता आलेले नाही.

सुपरहीरोंच्या मालिका पाहणारा प्रेक्षक जगात कुठलाही असो, त्याचे गाऱ्हाणे बहुधा याच जातीचे असते. नायकाने असे का केले? त्याच्याजवळ सामर्थ्य होते, अक्कल होती, मागचा अनुभव होता. मग तो असा का वागला? यावर घरातल्या मोठ्या माणसांचे उत्तर ठरलेले असते. “माणूस गरगर फिरून आकाशात उडतो ते तुला चालतं, आणि इथे कसला तर्क शोधतोस?” हे उत्तर मीही माझ्या मुलाला १९९८ साली दिले होते. किलविष एकेक राक्षस पाठवतो आणि शक्तिमान एकेकाला लोळवतो. त्यापेक्षा सरळ किलविषाच्या अड्ड्यावर जाऊन प्रकरण मिटवत का नाही, असा त्याचा सवाल होता. मी त्याला गप्प केले. आज वाटते, ते उत्तर चुकीचे होते.

उडणे हा सुरुवातीलाच ठरलेला करार असतो. पंचमहाभूतांची शक्ती अंगी असलेला एक पुरुष आहे, हे पहिल्या काही भागांत सांगितले जाते. आपण म्हणतो, ठीक आहे, मान्य. गंगाधरशास्त्रींचा जाड चष्मा आणि पुढे आलेले दात एवढ्यावर गीता विश्वास फसते, हेही आपण मान्य करतो. आमच्या सूनबाईंनी याला हरकत घेतली तेव्हा नातीनेच त्यांना समजावले, “अगं आई, तसंच असतं ते.” अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्यात अर्जुन यतीचा वेष घेऊन द्वारकेत येतो आणि साक्षात बलरामदादाला ओळखू येत नाही. गेली सुमारे एकशेचाळीस वर्षे मराठी प्रेक्षक ते हसतखेळत स्वीकारत आला आहे. पण त्यात एक मेख आहे. किर्लोस्करांचा बलराम मुळातच भोळा आणि तापट आहे. साधू म्हटले की हात जोडणारा. वेषांतर खपते ते भगव्या वस्त्रामुळे नाही, बलरामाच्या स्वभावामुळे खपते. तोच कृष्ण फसला असता तर पहिल्या रात्रीच प्रेक्षकांनी खुर्च्या वाजवल्या असत्या.

अशक्य ते चालते; स्वभावाला सोडून झालेले चालत नाही. नाटकात अशक्य पण पटणारी गोष्ट ही शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा बरी, असे ग्रीकांच्या ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. सतरंजीवरच्या पोराला हे कुणी शिकवलेले नसते, तरी ते त्याला कळते.

आमच्या चिरंजीवांचे शक्तिमानाचे वेड पुढे अमेरिकेतल्या मालिकांकडे वळले. २०१४ ते २०२३ अशी नऊ पर्वे चाललेली ‘द फ्लॅश’ ही त्यातली लाडकी. बॅरी ॲलन हा पोलिसांच्या प्रयोगशाळेतला तरुण. विजेच्या वेगाने धावतो, इतका की काळाच्या मागे जाऊ शकतो. लहानपणी त्याच्या आईचा खून झालेला आणि आळ बापावर आलेला. पहिल्या पर्वाच्या शेवटी, २०१५ साली, तो त्या रात्रीपर्यंत मागे जातो. पण आईला न वाचवता, तिचा निरोप घेऊन परत येतो. भूतकाळात हात घातला तर वर्तमान विसकटेल, हे त्याला उमगलेले असते. आमच्या घरातसुद्धा त्या भागाला डोळे पुसले गेले. वर्षभराने, २०१६ साली, दुसरे पर्व संपताना तोच बॅरी पुन्हा मागे जातो आणि आईला वाचवतो. मग पुढच्या पर्वात जग विसकटते. जवळच्या मित्राचा भाऊ मेलेला असतो. ‘ॲरो’ या शेजारच्या मालिकेतल्या जॉन डिगलला एक चिमुरडी मुलगी होती. आता तिच्या जागी मुलगा आहे, आणि आपल्याला कधी मुलगी होती याची त्या बापाला खबरही नाही.

त्या दिवशी लोकलमध्ये फोनवर हे पाहून चिरंजीव घरी आले ते रागाने लाल होऊन. कचेरीतल्या कुठल्याच साहेबावर त्यांना एवढे संतापलेले मी पाहिले नव्हते. मी म्हटले, “अरे, आईला वाचवलं तर एवढं काय? नुकतेच त्याचे वडीलही मारले गेलेत.” तो म्हणाला, “बाबा, वाचवलं याचा राग नाही. कुणीही वाचवील. पण डिगलची मुलगी गेली त्याचं काय? याने ते आधी लपवलं, मग सांगितलं, थोडा वेळ सगळे रुसले आणि पुन्हा एकत्र हसायला लागले. एक मूल पुसलं गेलं, बाबा!”

हे ऐकून मी जरा चपापलो. कारण तक्रार चुकीच्या निर्णयाची नव्हतीच. शोकात बुडालेला माणूस चुकतो, तो चुकायलाच हवा; न चुकणारा नायक फार कंटाळवाणा असतो. तक्रार होती ती चुकीचा हिशेब न झाल्याची. आणि त्याहून, एवढे होऊनही त्याच बॅरीने पुढे पुन्हा मित्रांपासून गुपिते राखावीत याची. ‘तुमच्या भल्यासाठीच सांगितलं नाही’ हे वाक्य ऐकले की आमच्या घरात उशी फेकली जात असे.

मालिकावाले हे मुद्दाम करतात का? थोडेफार करतात, पण बिचाऱ्यांचीही अडचण समजून घेतली पाहिजे. ‘द फ्लॅश’च्या पहिल्या तिन्ही पर्वांत प्रत्येकी तेवीस भाग होते. एका खलनायकाला तेवीस आठवडे पुरवायचे तर नायकाला मधूनमधून मंदबुद्धी व्हावेच लागते. दोन माणसे चहाचे कप समोर ठेवून पाच मिनिटे नीट बोलली तर पंधरा भाग बुडतात. आपल्याकडे याचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून अधिक भाग. दाराआडून अर्धवट ऐकलेले बोलणे, उघडायच्या आधीच नाहीसे होणारे पत्र, ‘मला काही सांगायचंय’ म्हणताच वाजणारी दाराची घंटा, ही सगळी दैनंदिन मालिकांची रोजगार हमी योजना आहे. आमची ही त्यावर भाजी निवडता निवडता तोंडसुख घेते आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा पाहते. सासू-सुनांच्या मालिकेत ते एक वेळ चालून जाते, कारण तिथली माणसे तुमच्याआमच्यासारखीच हट्टी आणि भित्री असतात. ज्याची नजर भिंतीच्या पलीकडले पाहते त्याच्या बाबतीत कसे चालावे? १९९६ साली अमेरिकेत ‘लोइस अँड क्लार्क’ या मालिकेत सुपरमॅनचे लग्न लागले. प्रेक्षक तिसऱ्या वर्षापर्यंत त्याची वाट पाहत होते. पण लागले ते लोइसशी नाही, खलनायकाने पळवून तिच्या जागी आणलेल्या प्रतिकृतीशी. आणि ती बाई बेडूक खात असे. क्ष-किरणांच्या डोळ्यांच्या नवरदेवाला हे बोहल्यावर कळू नये! प्रेक्षक भडकले यात नवल ते काय. पुढच्याच वर्षी मालिका संपली.

हे सगळे हसण्यावारी नेता येईल. पण ‘शक्तिमान’च्या काळातली एक आठवण तसे करू देत नाही. मालिका भरात होती तेव्हा मुलांनी शक्तिमानाचे अनुकरण करताना स्वतःला इजा करून घेतल्याच्या, तो वाचवायला येईल या भरवशावर जिवावरचे धाडस केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. त्यांच्या खरेखोटेपणावरून वाद झाले, मालिका बंद करावी अशी मागणी झाली. मुकेश खन्ना यांनी मालिकेची बाजू मांडली आणि पडद्यावर येऊन मुलांना असे काही न करण्याविषयी बजावलेही. आमच्या इमारतीत त्या दिवसांत गच्चीच्या दाराला कुलूप लागले, ते पुढे कित्येक वर्षे तसेच होते. तेव्हा आम्ही मोठी माणसे म्हणायचो, पोरांना काही अक्कल नाही. आता मला वाटते, त्यांचा तर्क अगदी सरळ होता. संकटात सापडलेल्या मुलाकडे शक्तिमान धावून जातो, हे त्यांनी आठवड्यामागून आठवडे पाहिले होते. मी संकटात असेन तर तो माझ्याकडेही येईल. यात चूक कुठे आहे? मुले नायकाच्या उडण्यावर विश्वास ठेवतात त्याहून कितीतरी जास्त त्याच्या वागण्यावर ठेवतात. उडी मारू नका, हे त्यांना सांगता येते. पण नायकाने मित्राशी खोटे बोलावे, त्यात कुणाचे मूल जावे आणि पुढच्या आठवड्यात कुणालाच त्याचे काही वाटू नये, यावर कसला इशारा द्यायचा?

नातीचा प्रश्न डोक्यात होता म्हणून त्या टाळेबंदीत मी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ पुन्हा काढले. पुस्तक १९६७ सालचे. भीष्माला त्या सोडत नाहीत. कुरुकुलात आणल्या गेलेल्या स्त्रियांचे त्याच्या कारभारात जे झाले त्याचा जाब त्या विचारतात. एवढ्या जख्ख म्हाताऱ्याने सेनापतिपद का स्वीकारावे, हेही विचारतात. थोडक्यात, आमच्या नातीसारखेच. आणि विचारता येते, कारण व्यासांनी जागा ठेवली आहे. भर सभेत द्रौपदी प्रश्न टाकते तेव्हा भीष्म, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निवाडा करता येत नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. उत्तर लंगडे आहे आणि ते लंगडे आहे हे व्यास लपवत नाहीत. युद्धाच्या तोंडावर हाच भीष्म युधिष्ठिराला सांगतो की माणूस अर्थाचा दास असतो, मी कौरवांशी त्याने बांधला गेलो आहे. आपण त्याच्यावर चिडतो, पण तो असा का वागला हे आपल्याला कळते. प्रतिज्ञेला चिकटून राहणे हे त्याचे सामर्थ्य होते, त्याचीच ही काळी बाजू. आणि कुणी ते विसरत नाही. द्रौपदी तर नाहीच. ज्या अंबेला त्याने रथात घालून आणले, तिचाही हिशेब शिखंडीच्या रूपाने पुरा होतो.

हे सगळे सात वर्षांच्या मुलीला कसे सांगायचे? मी सांगितले नाही. “पुढे बघ,” एवढेच म्हणालो.

पुढे काही आठवड्यांनी शरपंजराचा भाग आला. अंगभर बाण, पाठ जमिनीला टेकत नाही, आणि भोवती दोन्हीकडची माणसे हात जोडून उभी. नात बराच वेळ टक लावून पाहत होती. मग हळूच म्हणाली, “आजोबा, त्या दिवशी गप्प बसला ना, म्हणून.”

खरे म्हणजे मधे शिखंडी होता, अंबा होती, अर्जुनाची ओट होती. सांगावे असे जिभेवर आले होते. पण चिरंजीव माझ्याकडे पाहत होते, आणि १९९८ साली किलविषाच्या अड्ड्यावरून मी त्यांना कसे गप्प केले होते ते मला आठवले. मी म्हटले, “हो.” तिने मान डोलावली आणि आजीने आंबा कापला का ते पाहायला आत पळाली.