उन्हाळी उमेदवारांची संध्याकाळ
उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्ह्याच्या गावांहून मुंबईच्या कचेऱ्यांत अनुभवासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचा दिवस नोंदी ताडून पाहण्यात आणि टिपणे उतरविण्यात सरतो. संध्याकाळी मुंबई त्यांना फुकट भेटते : मरीन ड्राइव्हचा कठडा, गेटवेचा वारा. १९५२ सालच्या जहांगीर कलादालनातही प्रवेशमूल्य नाही. पण ते सातला बंद होते आणि कित्येक कचेऱ्या उमेदवारांना सोडतात त्याच सुमारास! फुकट नसते ती खोली आणि खानावळ. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने विद्यावेतन बंधनकारक केले. ‘इंटर्न’ म्हणविल्या जाणाऱ्या या मुलांना मात्र त्याचे संरक्षण बहुधा लाभत नाही. मग ज्याचा मामा दादरला राहतो, त्यानेच तेवढा अनुभव घ्यावयाचा काय? निदान खानावळीचे बिल भागेल इतके वेतन देण्यास मालकवर्गाची कोणती अडचण आहे?