‘सर, अटॅचमेंट सापडत नाही’ : घरच्या कॉम्प्युटरवरचा धंदा आणि विसरलेली आवक-जावक



वर्गात प्रश्न विचारा म्हटलं की हात वर होतात ते कर्ज, मार्केटिंग आणि जीएसटीसाठी. वर्ग संपून सगळे चपला घालायला लागले की मग एखादी ताई हळूच जवळ येते. “सर, पार्टीने मेलवर ऑर्डर पाठवली होती. मी उघडून वाचलीसुद्धा. आता कॉम्प्युटरमध्ये कुठेच दिसत नाही.” चारचौघांत विचारायला लाज वाटते, कारण हा ‘कॉम्प्युटर येत नाही’ या सदरातला प्रश्न आहे असं आपण धरून चालतो. माझ्या मते हा सरळ सरळ पैशाचा प्रश्न आहे. कर्ज आणि मार्केटिंगच्या रांगेतच त्याला बसवायला हवा.

का ते सांगतो. समजा, तुम्ही घरून मसाले करून एका कॅन्टीन चालवणाऱ्याला पुरवता. त्याने मेलवर पर्चेस ऑर्डर पाठवली, त्यात दर, वजन आणि ‘माल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे’ असं लिहिलेलं आहे. माल गेला. दोन महिने झाले, पैसे नाहीत. तुम्ही उद्यम नोंदणी केलेले सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असाल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी ठरलेली मुदत पाळणं खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येतं. आणखी एक गंमत बघा : मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यायची असते. म्हणजे ‘तुमच्या मालात खडे होते म्हणून पैसे अडवले’ असं तो तिसऱ्या महिन्यात म्हणाला, तर तुमच्या बाजूने बोलणार कोण? त्याच्या आणि तुमच्या मधले मेल आणि त्यांना जोडलेले कागद. थकलेल्या पैशासाठी अर्ज करायला बसलात की पहिल्यांदा मागतात ती पर्चेस ऑर्डर आणि बिल. तिथे ‘मी वाचली होती’ चालत नाही.

जीएसटी भरणाऱ्यांचंही तेच. खरेदीवर भरलेला कर वजा करून घ्यायचा तर पुरवठादाराचं बिल तुमच्या हातात असलं पाहिजे, ही कायद्याची पहिली अट आहे. टू-बी मध्ये आकडा दिसतो, पण आकडा म्हणजे बिल नव्हे. आणि हे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. सहा वर्षं! आपल्याकडे सहा आठवड्यांपूर्वीची फाइल सापडत नाही.

आता फाइल जाते कुठे? बहुतेक वेळा ती कुठेही गेलेली नसते. जीमेलमध्ये अटॅचमेंटवर क्लिक केलं की ती पडद्यावर दिसते. दिसली म्हणजे कॉम्प्युटरवर उतरली, असा समज होतो. तसं नाही. तुम्ही फक्त काचेतून बघितलं. माल अजून दुकानातच आहे. खाली बाण असलेली खूण दाबली तरच ती उतरते. शेजारीच ड्राइव्हची खूण असते, घाईत ती दाबली गेली तर फाइल गूगल ड्राइव्हमध्ये जाते आणि आपण कॉम्प्युटरचे सगळे कप्पे धुंडाळत बसतो.

खरोखर उतरवली असेल तर ब्राउझर उघडा, कंट्रोल दाबून जे दाबा. आजवर काय काय उतरवलं त्याची यादी समोर येते, तारखेसकट. फाइलच्या शेजारची फोल्डरची खूण दाबली की ती जिथे आहे तिथे कॉम्प्युटर तुम्हाला घेऊन जातो. पन्नास टक्के रडारड इथेच थांबते (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठे छापू नका). यादीत नाव दिसतंय पण त्यावर फुली किंवा ‘डिलीटेड’ असेल, तर रिसायकल बिन बघा.

घरच्या कॉम्प्युटरची एक खास अडचण आहे, ती ऑफिसात येत नाही. कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चार. विंडोजमध्ये मुलाचं लॉगिन वेगळं, तुमचं वेगळं असेल तर दोघांचे डाउनलोड्स फोल्डरही वेगळे असतात. दुपारी मुलाच्या लॉगिनमध्ये बसून तुम्ही ऑर्डर उतरवली आणि रात्री स्वतःच्या लॉगिनमध्ये शोधत बसलात, तर ती जन्मात सापडणार नाही. उलट सगळ्यांचं लॉगिन एकच असेल तर तुमचं कोटेशन मुलाच्या प्रोजेक्टच्या चित्रांखाली गाडलं जातं. माझं ऐकाल तर धंद्याचं लॉगिन वेगळं करा आणि धंद्याचं काम फक्त तिथेच करा. पाच मिनिटांचं काम आहे, पैसा लागत नाही.

दुसरी अडचण तात्पुरत्या प्रतीची. आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये मेलमधली एक्सेल शीट थेट उघडली की तिची एक प्रत लपलेल्या फोल्डरमध्ये उघडते. ताई दोन तास बसून दर भरतात, सेव्ह दाबतात, निर्धास्त झोपतात. सकाळी मेलमधली फाइल उघडतात तर ती कोरी. कारण मेलमधली फाइल मूळचीच राहते, बदल झाले ते त्या लपलेल्या प्रतीत. लगेच लक्षात आलं तर एक्सेल उघडून ‘रिसेंट’ची यादी बघा, तिथे ती प्रत अजून असू शकते, मिळाली की आधी ‘सेव्ह ॲज’ करून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा, मग चहा प्या. झिप फाइल न सोडवता आतली फाइल उघडून काम केलं तरी हाच घोळ होतो.

मेलमध्येच अटॅचमेंट दिसत नसेल तर पहिला संशय उत्तराच्या मेलवर घ्या. एखाद्याने ‘रिप्लाय’ केला की मूळ अटॅचमेंट त्याच्याबरोबर येत नाही; ‘फॉरवर्ड’ केलं तरच येते. वीस मेलची साखळी झाली असेल तर फाइल सहसा पहिल्या किंवा दुसऱ्या मेलला चिकटलेली असते आणि जीमेल मधले मेल दुमडून ठेवतं. ते उलगडा. तरी नाही? सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक खूण आहे, ती दाबली की छोटा फॉर्म उघडतो. पाठवणाऱ्याचं नाव टाका, ‘हॅज अटॅचमेंट’च्या चौकटीत टिक करा, तारखेचा अंदाज द्या, आणि कुठे शोधायचं तिथे स्पॅम आणि ट्रॅशसकट सगळं निवडा. नेहमीच्या शोधात हे दोन कप्पे धरलेच जात नाहीत. आणि त्यातला माल ३० दिवसांनी कायमचा जातो, म्हणून हे काम आजचं उद्यावर ढकलू नका.

आणि मेलच आला नसेल तर? जीमेलची फुकट जागा १५ जीबी. ही जागा मेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांत मिळून आहे. भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ फोनमधून आपोआप वर चढले आणि जागा संपली, की नवा मेल आत येणंच बंद. पार्टीला मेल परत गेल्याचा निरोप जातो. तो पाहून ती तुम्हाला फोन करेलच असं नाही. ऑर्डर दुसऱ्याला जाते. म्हणून धंद्याचा मेल आयडी घरच्या फोटोंपासून वेगळा ठेवा असं मी प्रत्येक बॅचला सांगतो, आणि प्रत्येक बॅच हसते.

सगळ्याच हरवलेल्या कागदांसाठी जीव आटवू नका, हेही सांगायला हवं. उद्यमचं प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, रिटर्न भरल्याची पोच, हे त्या त्या सरकारी पोर्टलवर लॉगिन करून पुन्हा उतरवता येतं. त्यासाठी मेल उकरत बसणं म्हणजे वेळ घालवणं. परत मिळत नाही ते म्हणजे माणसांनी आपापसात ठरवलेलं : ग्राहकाची ऑर्डर, मंजूर केलेलं डिझाइन, शेवटी तुटलेला दर, ‘लेबलवर लोगो डावीकडे हवा’ असं सांगणारं चित्र. शोधायची ताकद तिथे लावा.

आता माझा खरा मुद्दा. आपल्या आजोबांच्या काळच्या पेढीवर, सहकारी सोसायटीत, अगदी ग्रामपंचायतीतसुद्धा एक आवक-जावक रजिस्टर असायचं. आजही असतं. कागद आला, नंबर पडला, तारीख पडली, कोणाकडून, कशाबद्दल, कोणत्या फायलीत. ते लिहिणारा कारकून असायचा. घरून धंदा सुरू करताना आपण कारकुनाचा पगार वाचवला, चांगलं केलं. पण कारकुनासोबत त्याचं रजिस्टरही घालवलं. मेलबॉक्सलाच रजिस्टर समजलो आणि डाउनलोड्सला कपाट. डाउनलोड्स म्हणजे दाराबाहेरचा कट्टा आहे हो. तिथे कुरिअरवाला पुडकं ठेवून जातो. पुडकं आत घेणं आपलं काम.

यावर तरुण मुलं मला सांगतात, “सर, सर्च आहे ना! फोल्डर कशाला करायचे?” त्यांचं अर्धं बरोबर आहे. सर्च उत्तम आहे, शोधायला काही नाव असेल तर. पार्टी फाइल पाठवते तिचं नाव असतं ‘स्कॅन ०००७’. दुसरी पाठवते ‘न्यू डॉक्युमेंट’. तीच फाइल तीनदा उतरवली की कंसात १, कंसात २. कोटेशन शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग आपल्याकडे पाच तऱ्हांनी होतं आणि आडनावांचं तर विचारूच नका. ‘स्कॅन ०००७’ मध्ये ऑर्डर आहे हे तुम्हाला आठवत असेल तर सर्चची गरजच नाही, आणि आठवत नसेल तर नावाने शोधून हाती काय लागणार?

तेव्हा फाइल आली की तिचं नाव बदला. आधी तारीख, मग पार्टी, मग काय आहे ते. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिली की फोल्डरमध्ये फाइली आपोआप ओळीने लागतात. फोल्डर पार्टीच्या नावाचे करा, महिन्याचे नको. वाद झाला की आपण ‘कोणाचा’ हे आधी शोधतो, ‘कधीचा’ हे नंतर. आणि एक साधी वही किंवा एक्सेल शीट : तारीख, कोणाकडून, काय, कुठे ठेवलं. मूळ मेल मात्र डिलीट करू नका. कोणी, कधी, कोणत्या आयडीवरून पाठवलं हे त्या मेलमध्ये असतं, नुसत्या उतरवलेल्या फाइलमध्ये नसतं. भांडण वाढलं तर स्क्रीनशॉटपेक्षा मूळ मेलचं वजन जास्त.

“व्हॉट्सॲपवर पुन्हा पाठवा ना” हे वाक्य मला फार खटकतं. एकदा म्हटलं तर ठीक. तिसऱ्यांदा त्याच ग्राहकाला म्हटलं की त्याच्या मनात हिशेब सुरू होतो : यांना माझा एक कागद सांभाळता येत नाही, माझा माल सांभाळतील का? तो बोलून दाखवणार नाही. पुढच्या वेळी रक्कम मोठी असेल तेव्हा तो दुसरीकडे जाईल, इतकंच. आणि व्हॉट्सॲपवर आलेली फाइल वेळेत उतरवली नाही तर तिथेही ‘पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा’ असंच उत्तर मिळतं. मागावीच लागली तर फाइलचं वर्णन आणि मेलची तारीख देऊन, मेलवरच मागा. निदान तुम्ही शोधून मग विचारताय हे दिसतं.

शेवटी दोन धोके. फाइल सापडत नाही म्हणून घाबरून इंटरनेटवरून कुठलंतरी ‘रिकव्हरी’ सॉफ्टवेअर उतरवू नका. फाइल मेलमध्ये आहे. मेल शाबूत असेल तर तिथून शंभर वेळा उतरवता येते. आणि तुम्ही एखाद्या बिलाची वाट बघत असताना अनोळखी आयडीवरून ‘आपलं राहिलेलं बिल’ म्हणून काही आलं तर हात आवरा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल तुम्हाला नुसती ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स दाखवायला सांगा. मेलमध्ये ‘आमचं बँक खातं बदललं, आता इथे पैसे टाका’ असं असेल तर पार्टीच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपया टाकू नका. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन.

पुढच्या व्हिडिओत ही आवक-जावक शीट आपण पडद्यावर मिळून बनवू. तोवर आज रात्री डाउनलोड्स फोल्डर उघडा, तारखेप्रमाणे लावा आणि धंद्याचे कागद तेवढे आत घ्या. लग्नाचे फोटो राहू द्या, त्यांना वेगळा रविवार लागेल.