मृगाआधीची शाकारणी



मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या चाळीत आणि वसाहतीत एकच विषय निघतो, यंदा सुट्टीत कुठे? कोणी महाबळेश्वरचे नाव काढते, कोणी गोव्याचे. आमच्याकडे हा प्रश्न कधी पडलाच नाही. सुट्टी म्हणजे गाव. पण यंदा त्या गावावरूनच घरात दोन तट पडले.

आमचे गाव पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुकच्या पंचक्रोशीत. सासूबाई गेल्यापासून तिथल्या घराला कुलूप आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावरून गेले, तेव्हा निम्मी कौले उडाली. तेव्हा घाईघाईत जमेल तशी डागडुजी केली, एका पाख्यावर ताडपत्री टाकली आणि मुंबईला परतलो. ती ताडपत्री किती दिवस टिकणार? मागच्या पावसाळ्यात ओटीवरचा एक वासा कुजला. त्यातच एकाने घरासकट जागा मागितली. मुंबईहून दोन-अडीच तासांवर डोंगराजवळची जागा, शेतघर बांधणाऱ्यांना हवीच असते.

धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, भावनेला किती दिवस धरून बसायचं? तिथे राहतंय कोण? पैसे आले तर दोन्ही घरच्या पोरींचं शिक्षण निघेल." खरे सांगते, मला त्यांचे म्हणणे चुकीचे वाटले नाही. माझी मुलगी बारावीला आहे, पुढच्या फीचा आकडा मला रात्री झोपू देत नाही. आमचे मिस्टर मात्र एवढेच बोलले, "आधी शाकारू. मग बसून बोलू. पडक्या घराचा भाव दुसराच ठरवतो."

म्हणून मे महिन्यात दोन्ही घरची मिळून नऊ माणसे दिवा-रोहा गाडीने पेणला उतरलो आणि पुढे मिनिडोरने गावी.

ज्यांनी शाकारणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घरावर मंगलोरी कौले. ती सगळी उतरवायची, काथ्याने घासून धुवायची आणि एकेक बोटाने वाजवून बघायची. चांगले कौल खणखणीत वाजते, चीर गेलेले भद्द बोलते. हे काम मुलांकडे दिले. पहिल्या दिवशी कंटाळली, दुसऱ्या दिवशी पैजा लावू लागली. तोवर मिस्टर आणि भाऊजी वासे तपासत होते. वाळवी वरून दिसत नाही. लाकूड शाबूत वाटते, पण कोयत्याची मूठ ठोकली की आतून पोकळ आवाज येतो. तीन वासे बदलावे लागले, रिपा तर जवळजवळ सगळ्याच. रिपांमधले अंतर कौलाच्या मापाने पडले पाहिजे, नाहीतर कौलाची खाच बसत नाही आणि वाऱ्याने ते सरकते. वादळानंतर आम्ही घाईत केलेली चूक हीच होती. खांबांच्या बुडाला डांबर फासले. कौले खालून, पागोळीकडून रचत वर आढ्यापर्यंत न्यायची आणि आढ्यावर कोने बसवायचे. छपरावर पाय ठेवायचा तो वाशावर, मधल्या कौलावर नाही. माझ्या मुलाने हे दोन कौले फोडून शिकून घेतले.

आत आम्हा बायकांचे काम. मागच्या खोलीची भुई उखडली होती. माती आणून, भिजवून, चोपण्याने चोपून तिसऱ्या दिवशी सारवली. माझी जाऊ मुंबईत जन्मलेली, तिने शेणात हात घालायला पहिला दिवस घेतला. नणंदबाई म्हणजे मुलांची आत्या, तिने तिला बाजूला घेऊन हात कसा फिरवायचा ते दाखवले. संध्याकाळी जावेने सारवलेला कोपरा सगळ्यांत सरस होता, हे मी कबूल करते. बायकांनी सारवायचे आणि पुरुषांनी चढायचे, हे मात्र मला पटले नाही. म्हणून चौथ्या दिवशी माझी मुलगी आणि पुतणी छपरावर आणि मुलगा शेणाच्या पाटीशी. वाडीतल्या दोन म्हाताऱ्या हसल्या, पण त्यांनीच वर पाहून कौल कुठे तिरके बसले ते सांगितले.

रात्री अंगणात तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरीची चटणी. आत्या सांगत होती तेव्हा मुले गप्प बसून ऐकत होती. सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी काही पुन्हा त्यांच्या नशिबी आली नाही आणि ते गावी परतले. पण हे घर त्याच्या आधीचे. बोनस आला की थोडी कौले, पुढच्या वर्षी एखादा खांब, असे सात-आठ वर्षे बांधत आणलेले. त्याआधी तिथे गवताचे खोपटे होते. आत्या म्हणाली, "पहिल्या पावसात आई रात्रभर जागी होती. गळत नाही यावर तिचा विश्वासच बसेना." हे ऐकताना भाऊजी विडी पेटवायच्या निमित्ताने उठून गेले.

गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते तिथे जन्मले. मुलाने शाळेत भूदान वाचलेले, त्याने विचारले, "मग इथल्या लोकांना जमीन मिळाली का?" मी त्याला मला ठाऊक आहे ते सांगितले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत अस्पृश्य कुटुंबांनी विनोबांपुढे ८० एकरांची मागणी केली आणि तिथल्या एका जमीनदाराने १०० एकर देऊ केले. चळवळ तिथून सुरू झाली. मागणारे आपले लोक होते, हे पुस्तकात एका ओळीत येते. पुढे देशभर दानाचे आकडे फुगले, पण त्यातली पुष्कळ जमीन कसण्याजोगी नव्हती किंवा वाटलीच गेली नाही. विनोबांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, लाखो माणसे तुरुंगात गेली, ती हक्क म्हणून मागायला. आणि त्याच्याही आधी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या कुळांना खोत म्हणजे काय ते सांगावे लागत नव्हते.

बोलता बोलता जमिनीचा कागद निघाला. घरामागचा तुकडा जुन्या महार वतनातला आहे. वतने १९५८ च्या कायद्याने गेली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा मिळाल्या, पण नवीन शर्तीवर. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असते. घ्यायला आलेला गृहस्थ "ते मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा" म्हणत होता, त्याचा अर्थ भाऊजींना त्या रात्री कळला. शिवाय घरपट्टी अजून सासऱ्यांच्या नावे. वारसनोंद कोणी केलेलीच नाही. आणि वारसांत आत्याचेही नाव येते, हे आम्ही सगळेच सोयीस्करपणे विसरलो होतो. आत्या स्वतः काही बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी मिस्टर, भाऊजी आणि आत्या तिघे मिळून अर्ज घेऊन गेले. भगिनींनो, गावी गेलात तर आंबे आणालच, पण सातबारा आणि घरपट्टीचा उतारा आधी बघा. सातबारा आता मोबाईलवरही दिसतो. आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, ते मुलांना वाचायला लावा.

बुद्धपौर्णिमेला वाडीत वंदना आणि खीर झाली आणि त्यानंतर दोन दिवसांची सुट्टी आम्ही आम्हालाच दिली. एक गाडी ठरवली, खर्च दोन घरांत वाटून घेतला, भाकऱ्या आणि पाण्याचे कॅन बरोबर.

पहिल्यांदा कुडा लेणी. तळ्याजवळ, खाडीकाठच्या डोंगरात २६ लेणी आहेत. मुलांना वाटत होते की अशी लेणी राजेच कोरून देतात. इथल्या शिलालेखांत महाभोज घराणे आहे, ते खरे. पण त्यांच्याच शेजारी दान देणारा माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसे. आमच्या भाऊजींचे वेल्डिंगचे काम, म्हणून लोखंडवाल्याचे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आमच्या धंद्यातला." मग मुलीने विचारले, की भिक्खू तर फिरत असत, त्यांना लेणी कशाला? वर्षावासासाठी. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूने एका जागी राहायचे, असा नियम. कोकणातला पाऊस, म्हणजे छप्पर हवेच. लेण्यांजवळ पाण्याची टाकीही कोरलेली आहेत. पावसाळ्याच्या आधी छपराची काळजी ही आमच्याच घरची गोष्ट नाही, एवढे मुलांना उमगले.

पुढे महामार्गाने दासगावला गाडी थांबवली. पाहण्यासारखे तिथे काही विशेष नाही, एक खाडी आणि रस्ता. पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईचे सत्याग्रही आले ते इथे. पेणच्या बाजूला धरमतरहून मोटारीने जायचा रस्ता होता, पण मोटारवाले ऐनवेळी पाठ फिरवतील म्हणून ते 'पद्मावती' बोटीने समुद्रमार्गे दासगावला उतरले आणि महाडपर्यंत चालत गेले. आम्ही गाडीत ए.सी. लावून बसलो होतो. मुलगा म्हणाला, "आपणही चालू या का?" उन्हाचे मोजून अर्धा तास चाललो, पुढे गाडीत बसलो. खोटे कशाला सांगू!

महाडच्या अलीकडे रस्त्यालगत गांधारपाले लेणी. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्ध लेणी पाहायला गेले आणि तिथून रायगडालाही गेले, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. धर्मांतराला अजून २९ वर्षे होती. पायऱ्या चढताना मला तेच मनात येत होते. चवदार तळ्यावर संध्याकाळ झाली. २० मार्च १९२७ चे पाणी आणि १७ मार्च १९३७ चा हायकोर्टाचा निकाल, मध्ये दहा वर्षे. मिस्टरांनी मुलांना फक्त एवढे सांगितले, "कागदासाठी बाबासाहेब दहा वर्षे कोर्टात लढले. तुम्ही वारसनोंदीचा कंटाळा करता."

रायगड दुसऱ्या दिवशी पहाटे. पाचाडहून मुले आणि पुरुष चौदाशेहून जास्त पायऱ्या चढून गेली. मी, जाऊ आणि आत्या रोपवेने. गुडघे दुखत असतील तर लाजू नका, वर जाऊन सगळे सारखेच दिसते! मे महिन्यात चढायचे तर सूर्य वर यायच्या आत निम्मा गड मागे पडला पाहिजे, माणशी दोन लिटर पाणी हवे आणि डोक्याला टोपी किंवा पदर. नऊ वाजल्यानंतर दगड तापतात आणि लहान मुलांना त्रास होतो. आमच्या पुतणीला उतरताना चक्कर आली, लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यावर निभावले.

परतल्यावर चार दिवस राहिलेले कोने, पागोळीखालचा चर आणि न्हाणीचा दगड. निघायच्या आदल्या रात्री "बसून बोलू" म्हटलेले बोलणे झाले. भाऊजी म्हणाले, यंदा विकायचे नाही, पुढच्या मे महिन्यात पुन्हा बघू. मिस्टर म्हणाले, ठीक. फीचा प्रश्न आहे तिथेच आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे आणि बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी चालू आहे. किल्ली आत्याकडे राहिली.

मृग लागला त्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. पाऊस रात्रभर कोसळला, घर कोरडे आहे. एकाच ठिकाणी गळते, मागच्या खोलीत, भाऊजींनी स्वतः रचलेल्या ओळीत. तिथे तिने टोप ठेवला आहे. भाऊजींना सांगितले तर म्हणाले, रिपांचे माप चुकले असणार, आणि रविवारच्या गाडीने एकटेच निघाले.