उधारीची वही

शहरातल्या मित्रांकडे गेलो की हल्ली एक रडगाणं ऐकावं लागतं. मॉल आले, फोनवरून सामान घरपोच यायला लागलं आणि आपला कोपऱ्यावरचा वाणी गेला. तो कसा नावानं ओळखायचा, पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, नड असली तर उधार द्यायचा. मी ऐकून घेतो. चहा संपला की म्हणतो, बाबांनो, तुमचा वाणी तसा असंल. आमचा नव्हता.

आमचं घर गावकुसाबाहेर. गावात दुकान एकच, दगडी ओट्यावर. ओट्याला तीन पायऱ्या. गावातल्या बाया वरच्या पायरीवर बसून तांदळाचा दाणा दाताखाली धरून बघायच्या, डाळ तळहातावर घेऊन फुंकायच्या. माझी आई खाली धुळीत उभी. "शेट, पावशेर मीठ अन् च्याची पुडी द्या जी," असं तिनं चारदा म्हणावं, आणि सगळं गिऱ्हाईक सरल्यावर त्यानं वरून पुडी टाकावी. झेलली तर झेलली, नाही तर मीठ मातीत. पैसे खालच्या पायरीवर ठेवायचे नि मागं सरायचं. त्यावर पाणी शिंपडून मगच तो उचलायचा. अस्पृश्यता पाळणं कायद्यानं 1955 सालीच गुन्हा झालं होतं, पण ते त्या पायऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नावानं मात्र ओळखायचा, हे खरं. आईला 'ए', आणि माझ्या म्हाताऱ्या आजीलाही 'ए'.

1972 च्या दुष्काळात आई-बाप खडी फोडायला जायचे. मी चौथीत होतो. पगार आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. तोवर चूल उधारीवर. एक गोष्ट मी नाकबूल करत नाही. त्या उन्हाळ्यात त्यानं माल दिला नसता तर आम्ही नुसत्या सुकडीवर राहिलो असतो. पण दिला म्हणजे लिहिला. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, आणि तिच्यातलं अक्षर त्याचं त्यालाच कळे. मला नवा हिशेब येत होता, त्याची हौस. मी घरच्या भिंतीवर कोळशानं रोजचा माल मांडायला लागलो. पगाराच्या दिवशी बेरीज केली, 11 रुपये आणि काही पैसे. दुकानावर गेलो तर शेट म्हणाला, 19.

"वही दावा की," मी म्हणालो.

सगळं दुकान गप्प. मग शेट हसला. "शाळा शिकलास म्हणून हिशेब मागतोस व्हय रं?"

आईनं तिथंच माझ्या थोबाडीत मारली आणि 19 रुपये पायरीवर ठेवले. घरी आल्यावर तिनं ओल्या फडक्यानं ती भिंत पुसून काढली. "उद्याला मीठ कोण देईल, तुझा मास्तर?" एवढंच बोलली आणि रात्रभर रडली.

आमच्याच मुलखात, सुप्याच्या बाजारात, मे 1875 मध्ये कुणब्यांनी दुकानदार-सावकारांच्या वह्या आणि खतं रस्त्यावर आणून जाळली होती. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. मला ते पुढं कॉलेजात कळलं. त्यांनी आधी कागद का धरले, हे मला मास्तरांनी समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून सांगतो, पुढं पुड्यावर किंमत छापून यायला लागली ते तुम्हाला साधं वाटलं असंल. मला ती सनद वाटली. साबणाची वडी, चहाची पुडी, त्यावर आकडा, आणि तो माझ्या पुतणीलासुद्धा वाचता यायचा. तागडीखालचा पासंग गेला. वरून टाकायची पुडी गेली.

आई सत्तरीची झाली तेव्हा तिला पुण्याला मॉलमध्ये नेलं. आता या मॉलला नावं ठेवायला मलाही येतात. नको ते घ्यायला लावतात, थंडगार हवेत माणूस गुंगतो. पण आई तांदळाच्या उघड्या पिंपापाशी थांबली. मूठ भरून उचलली, सोडली. परत उचलली. इकडंतिकडं बघितलं. कुणी काही म्हणालं नाही. ती पाच-सात मिनिटं तेच करत होती. घेतलं काहीच नाही.

तेव्हा तुमच्या वाण्यासाठी माझ्याकडून टिपं मागू नका. पण नव्याची आरतीही मी करणार नाही. माझं भांडण दुकानाशी नव्हतंच, वहीशी होतं. ती वही काही गेलेली नाही, फक्त लाल पुठ्ठा गेलाय. परवा पुतण्या नवा मोबाईल घेऊन आला. खिशात पैसा नव्हता, फोनवरच हप्ते बांधून मिळाले म्हणे. कुणी विचारलं नाही, कुणी पायरीखाली उभं केलं नाही. मला आनंदच झाला. मग त्याला विचारलं, "किती हप्ते?"

"नऊ का बारा आहेत, काका."

"व्याज?"

"नाही म्हणत्यात. पर वरचे काहीतरी चार्जेस असत्यात."

"मग महिन्याला किती जातात?"

"ते आपोआप कापतंय की खात्यातनं."

"हिशेब दाव."

त्यानं अंगठ्यानं खालीवर खालीवर केलं. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. शेवटी फोन खिशात घातला आणि म्हणाला, "त्यांनी लावलंय म्हणजे बरोबरच असंल की."