परिचयाचा कागद आणि आपली मुले

नोकरीसाठी द्यावयाचा एकपानी परिचय, ज्याला आपल्या वऱ्हाडात 'बायोडाटा' आणि कंपन्यांच्या भाषेत 'रिझ्युमे' म्हणतात, हा वरवर पाहता क्षुल्लक कागद आहे. निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यावर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी अकोल्याच्या वा अमरावतीच्या एमआयडीसीत, पुण्याच्या कंपनीत किंवा एखाद्या खासगी बँकेत पोहोचण्यापूर्वी त्याचा हा कागद तेथे पोहोचलेला असतो. त्याच्या वतीने तो कागदच बोलतो. म्हणून तो कोण लिहितो आणि वाचणारा त्यात काय पाहतो, हे प्रश्न आम्हाला महत्त्वाचे वाटतात.

इतिहासात पाहिले तर असा कागद आपल्या समाजाला नवा नाही. १८९० नंतर इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. लष्कर, पोलीस आणि सरकारी नोकऱ्यांची दारे उघडावीत, ही त्यातील मागणी होती आणि पूर्वजांनी बजावलेल्या लष्करी सेवेचा आधार तिला दिलेला होता. एका अर्थाने तो संपूर्ण समाजाचा बायोडाटाच होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे अशा अर्जांची आणि चळवळीची अर्धशतकाची चिकाटी होती. आपण काय केले आहे हे नेमकेपणाने लिहून सांगणे, ही विद्या आपल्याला त्या पिढीने दिली.

आज चित्र कसे आहे? मुलगा तहसील कार्यालयाजवळच्या नेट कॅफेत जातो. दुकानदार कुणाची तरी जुनी फाइल उघडतो, नाव, जन्मतारीख आणि गुण बदलतो आणि प्रिंट हातात देतो. वर आव्हानात्मक वातावरणात काम करण्याच्या इच्छेविषयीचे एक इंग्रजी वाक्य तसेच राहते. मुलाखतीत त्याचा अर्थ विचारला की मुलगा गप्प होतो. २००१ पासून आपल्या असंख्य मुलामुलींनी एमएस-सीआयटी केले, प्रमाणपत्रे घरोघरी आहेत. तरीही कोरे पान समोर आले की हात थांबतात. याचे कारण संगणक येत नाही एवढेच नाही. आपल्याजवळ लिहिण्यासारखे काही नाही, असे मुलांनी मनाशी धरलेले असते, हे खरे कारण आहे.

हा समज निराधार आहे. वसतिगृहाच्या भोजनगृहाचा वर्षभराचा हिशेब ठेवणे, ग्रंथालयाची नोंदवही सांभाळणे, सुटीत वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या प्रतवारीचे किंवा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करणे, हा सारा अनुभवच आहे. तो प्रथम वहीत, मराठीत लिहावा: काय केले, किती काळ केले, कोणती जबाबदारी होती. मग संगणकावर बसावे. शिक्षण लिहिताना अलीकडचे आधी घ्यावे. ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचा, साधा असावा. रकाने जुळविण्यासाठी स्पेसबार दाबत बसू नये. टॅब किंवा तक्ता वापरावा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टंकावा, कारण कृतिदेवसारख्या फॉन्टमधील फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नाही. शेवटी पीडीएफ करून फाइलला आपले नाव द्यावे. येत नाही ते येते म्हणून लिहू नये. लिपिक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखन मागतात. आपला वेग खरा तोच लिहावा आणि वाढवावा.

एवढे सारे निर्दोष केले तरी एक शब्द उरतोच, तो म्हणजे आडनाव. आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावांचा होता. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाचे सुमारे एक तृतीयांश आढळले. पात्रतेचा कागद जातीच्या भिंतीवर आदळतो, हे १९१७ मध्ये कोलंबियातून शिकून बडोद्यास गेलेल्या बाबासाहेबांनी भोगले होते. नव्वद वर्षांनंतर तेच आकड्यांत सिद्ध झाले.

मग आडनाव झाकावे काय? काही मुले तसे करतात. पोटाची गरज असलेल्या मुलाला आम्ही दोष देणार नाही. पण शाळेने ही वाट शिकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लपविण्याची सवय एका कागदापुरती राहत नाही. मात्र खासगी नोकरीच्या अर्जात जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती हे रकाने लिहिण्याची गरजच नाही; लग्नाच्या बायोडाट्यातून ते येथे शिरले आहेत. ते खुशाल गाळावेत. याउलट सरकारी अर्जात प्रमाणपत्राप्रमाणे नोंद ठामपणे करावी. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. ती कृपा नव्हे, ३४ वर्षांच्या मागणीचे फळ आहे. आणि पहिल्या छाननीत अर्जदाराचे नाव झाकण्याची पद्धत खासगी कंपन्यांनी स्वीकारावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. दोष आडनावात नाही, वाचणाऱ्या नजरेत आहे. दुरुस्ती तेथेच झाली पाहिजे.

आपल्या हाती असलेले काम मात्र आजच सुरू करता येईल. दहावी-बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी संगणक कक्षात बसून आपला परिचय स्वतः टंकावा. पालकांनी त्याला घरच्या कामाची आठवण करून द्यावी. आणि नोकरीत स्थिरावलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने वर्षातून निदान एका मुलाचा कागद बारकाईने वाचून त्यावर लाल शाईने खुणा कराव्यात. शाळेला देणगी आपण आनंदाने देतोच. तिच्यासोबत हा एक तासही द्यावा, अशी आमची विनंती आहे.

जय भीम!