इंद्रलोककरांनो, विद्यापीठाला अर्ज टाका

निकालाचा हंगाम आला की भाईंदरमधल्या इंद्रलोकच्या कुठल्याही फेजमध्ये, कुठल्याही लिफ्टमध्ये एकच विषय असतो. लागला का? कधी लागणार? पेपर दिला असूनही गैरहजर कसं दाखवलं? पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरले, त्याचं पुढे काय झालं? मजला येतो, दार उघडतं आणि चर्चा तिथेच संपते. पुढे जायचं तर विद्यापीठाचं कलिना संकुल गाठायला हवं. रिक्षाने भाईंदर स्टेशन, तिथून लोकल, सांताक्रूझला जलद गाडी थांबत नाही म्हणून अंधेरीला गाडी बदला, मग बस. कामाचा दिवस गेला, अर्ध्या दिवसाचा पगार गेला आणि हाती काही लागेल याची खात्री नाही. एका खेपेनंतर बहुतेक आईवडील नाद सोडतात.

माझं म्हणणं असं की कलिन्याला जाऊच नका. अर्ज टाका. माहितीच्या अधिकाराचा.

हा अधिकार आपल्याकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो वापरणारे मात्र कमी होत चाललेत, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला बाजूबाजूने कातरलं जातंय. म्हणून हे आवाहन. मंत्रालयाबद्दल किंवा महापालिकेबद्दल आज बोलत नाही, कारण तिथे प्रश्न विचारणारे मीरा-भाईंदरमध्ये पुष्कळ आहेत. विद्यापीठाला विचारणारे फारसे दिसत नाहीत. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ सात जिल्ह्यांना पुरतं: मुंबईचे दोन, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. संलग्न महाविद्यालयं आठशेच्या वर. नवघर, मीरा रोड, भाईंदर पश्चिम इथल्या कॉलेजांत आपली मुलं जातात, पण त्यांच्या पदवीवर शिक्का बसतो तो या विद्यापीठाचा.

२०१७ आठवा. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा. कुलपती म्हणून राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही उलटली. उत्तरपत्रिका सापडेनात, म्हणून काहींना सरासरी गुण दिले गेले. परदेशातले प्रवेश हुकले, पदव्युत्तर प्रवेशांचं वेळापत्रक कोलमडलं. अखेर २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. वर्तमानपत्रांत एवढी कथा आली. पण पुनर्मूल्यांकनात किती नापास पास झाले, किती जणांचे गुण बदलले, हे हजारांतले आकडे उजेडात आले ते माहिती अधिकाराच्या अर्जांतून. कुणीतरी साध्या कागदावर प्रश्न लिहिले, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि पाठवून दिले. नाहीतर ‘तांत्रिक अडचणी’ एवढ्या दोन शब्दांत तो उन्हाळा मिटला असता.

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही असाच भांडून मिळालेला आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येईल, तिची प्रतही मागता येईल. परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा युक्तिवाद होता की आमचं नातं विश्वासाचं आहे, म्हणून ती दाखवता येत नाही. तो न्यायालयाने फेटाळला. २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: संस्थेची स्वतःची फी शेकड्यांत असली, तरी माहिती अधिकारात अर्ज केला तर माहिती अधिकाराच्या नियमांतलंच शुल्क लागू होतं. महाराष्ट्रात ते पानामागे दोन रुपये आहे. फक्त घाई करा. उत्तरपत्रिका नियमाने ठरलेल्या काळापुरत्याच जपून ठेवतात. त्या नष्ट झाल्यावर हक्क कागदावर उरतो आणि कागद मात्र गेलेला असतो.

आता अर्ज कसा लिहायचा, कारण निम्मे अर्ज इथेच मरतात. रागाच्या भरात आपण लिहितो, ‘माझ्या मुलीचा निकाल अजून का लागला नाही?’ या प्रश्नाला माहिती अधिकारी शांतपणे लिहून पाठवतो की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि कायद्याने तो चूक नसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये डॉ. सेल्सा पिंटो प्रकरणात हेच सांगितलं: ‘का’चं उत्तर म्हणजे समर्थन, आणि समर्थन ही माहिती नव्हे. म्हणून ‘का’ खोडा. त्याऐवजी लिहा: अमुक परीक्षेच्या अमुक विषयाच्या उत्तरपत्रिका तपासणीसाठी कोणत्या तारखेला दिल्या, तपासून कोणत्या तारखेला परत आल्या, त्या नोंदींच्या प्रती द्या. निकाल जाहीर झाल्याची तारीख द्या. या विषयासाठी किती परीक्षक नेमले, त्यांची संख्या द्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ८९ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. मुदत उलटलेल्या परीक्षांची यादी असल्यास तिची प्रत द्या. कागद समोर आले की ‘का’ आपोआप कळतं. आपल्या राज्याच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा ‘मा. महोदय, मी एक सामान्य पालक’ वगैरे प्रस्तावनेत शब्द उडवू नका. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कायदाच तसं म्हणतो.

आपल्या शहरात विनाअनुदानित कॉलेजं बरीच आहेत. ‘आम्ही खासगी, आम्हाला माहिती अधिकार लागू नाही’, हे वाक्य तिथे पाठ असतं. वाद घालत बसू नका. अर्ज विद्यापीठाला करा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) प्रमाणे एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या कायद्याखाली मिळवता येते, तीही ‘माहिती’च. संलग्नता देताना विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती कॉलेजात येते, खोल्या मोजते, ग्रंथालय पाहते, मान्यताप्राप्त शिक्षक किती ते लिहून घेते. तो अहवाल मागा. वर्षाला हजारो रुपये भरताना आपण माहितीपत्रकातली हिरवळ बघतो. चौकशी समितीने प्रयोगशाळेबद्दल काय लिहिलंय ते वाचायला काय हरकत आहे?

पण हे सगळं आता किती दिवस चालेल, याची मला खरंच काळजी आहे. याच कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये आधी तोल होता: वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा तिच्यामुळे खासगीपणात नाहक ढवळाढवळ होणार असेल, तरच ती नाकारायची. शिवाय एक परंतुकही होतं की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने, कलम ४४(३) मधल्या एका ओळीने, हे सारं पुसून टाकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ओळ अमलातही आली. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढं म्हटलं की नकाराला पुरतं. तुमची स्वतःची उत्तरपत्रिका यात अडकायचं कारण नाही. पण प्राध्यापक नेमताना पात्रता पाहिली का? पीएचडी मार्गदर्शकाची मान्यता कुठली? परीक्षेच्या कामासाठी कुणाला किती मानधन गेलं? या प्रत्येक कागदावर माणसाचं नाव असतंच, आणि नाव आहे म्हणजे वैयक्तिक असं म्हणायला कुणाची आडकाठी? व्यापक लोकहिताचं कलम ८(२) अजून शिल्लक आहे. नकार आला की अपिलात त्याचा आकडा घालून लोकहित काय ते दोन ओळींत लिहा.

विद्यापीठं आणि माहिती अधिकार म्हटलं की सगळ्यांना पंतप्रधानांच्या पदवीचा खटला आठवतो. गुजरात उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ती माहिती देण्याचे केंद्रीय माहिती आयोगाचे आदेश रद्द केले. त्यावर टीव्हीवर भांडायला माणसं आहेत. तुमच्या मुलाच्या सत्र पाचच्या निकालावर भांडायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

दुसरी कात्री वेळेची. राज्य माहिती आयोगाकडे २०२३ आणि २०२४ मध्ये एक लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. देशात सर्वांत जास्त. आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यांचा कार्यकाळ नि पगार ठरवणं केंद्राच्या हाती गेलं. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करता येतो, पण तो फक्त आयोगालाच. आयोगासमोर तारीख लागेपर्यंत विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागलेला असतो. कायदा मारायला तो रद्द करावा लागत नाही, ही त्यातली गोम. आणि हे आपल्याच राज्यात, जिथे अण्णा हजारेंच्या उपोषणानंतर केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला होता.

‘माहिती अधिकारवाला’ म्हटलं की आपल्याकडे काही लोक नाक मुरडतात, हे मी जाणतो. बांधकामाचे नकाशे मागवायचे आणि मग बिल्डरशी बोलणी करायची, असा धंदा करणारे आहेत. त्यांनी या कायद्याचं मोठं नुकसान केलंय. २०११ च्या त्याच निकालात न्यायालयाने बजावलं होतं की सरसकट आणि अव्यवहार्य मागण्यांनी कार्यालयं ठप्प होता कामा नयेत. मान्य. म्हणूनच पंधरा वर्षांच्या सगळ्या फायली मागू नका. एक परीक्षा, एक विषय, चार कागद. प्रामाणिक माणसांनी मैदान सोडलं तर तिथे धंदेवाईकच उरतील.

तेव्हा करायचं काय ते सांगतो. प्रत्येक सोसायटीतून या सत्रात किमान एक अर्ज विद्यापीठाकडे जाऊ द्या. अर्जाचा नमुना, म्हणजे जोडपत्र ‘अ’, भरायला वकील लागत नाही. बारावीतली मुलगी आजोबांना शेजारी बसवून भरू शकेल. उत्तर आलं की त्याची प्रत सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावा, म्हणजे पुढच्या घराला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही. कॉलेजातल्या मुलांनी कलम ४ खाली विद्यापीठाने आपण होऊन काय काय जाहीर करायला हवं ते वाचावं आणि संकेतस्थळावर त्यातलं काय आहे, काय नाही, ते ताडून बघावं. जे पदवीधर आहेत त्यांनी विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीसाठी नाव नोंदवावं. नोंदणीकृत पदवीधरांना तिथे दहा जागा आहेत, आणि लाखोंनी पदव्या देणाऱ्या विद्यापीठात मतदार निघतात काही हजार. निवडून गेलेल्या सदस्यांना आपण मिळवलेले कागद द्या, ते सभागृहात प्रश्न विचारतील. ठाण्याच्या खासदारांना सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र लिहा: कलम ८(१)(ञ) पूर्ववत करा, एवढीच मागणी, खाली सह्या. आमदारांना लिहायचं ते आयोगातल्या रिकाम्या जागांबद्दल.

अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, पोचल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेपासून तीस दिवस. ते उलटले की मागितलेली माहिती फुकट द्यावी लागते, हे अधिकाऱ्याला ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक आहे हे अपिलात कळू द्या. उत्तर आलं नाही, किंवा ‘सदर माहिती या विभागाशी संबंधित नाही’ असं आलं, तर चिडून कागद फेकू नका. दुसऱ्या प्राधिकरणाची माहिती असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं हे त्यांचं काम होतं, आणि विद्यापीठाच्याच दुसऱ्या विभागाची असेल तर ती तिथून आणणंही. त्यानंतर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करा, जोडपत्र ‘ब’. त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. दहाचा घेताना तोही घेऊन ठेवा.