घोटभर न्याय

सगळ्यात आधी नातेवाईकांसाठी सूचना. ही पोस्ट बिअरबद्दल आहे. बाबांना माहीत आहे, आईला माहीत आहे की नाही ते मला आज रात्रीच्या फोनवर कळेल. ज्यांना हा विषय अजिबातच चालत नाही त्यांनी सरळ पुरणपोळीच्या परिच्छेदावर उडी मारावी. तो आत्यासाठी लिहिलाय.

तर मंडळी, माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती मी एकट्याने केलेली नाही, सगळे मिळून करतात आणि तिला पद्धत म्हणतात. म्हणूनच जास्त राग आलाय.

मिशिगनमध्ये फेब्रुवारीत माणसाला दोनच उद्योग असतात. बर्फ उपसायचा, नाहीतर घरी बिअर बनवायची. दुसरा उद्योग करणारे बरेच आहेत आणि त्यांच्या स्पर्धा होतात. गेल्या फेब्रुवारीत अशाच एका स्पर्धेत मी परीक्षक म्हणून बसलो होतो. (बीजेसीपी, म्हणजे बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, ही संस्था १९८५ पासून परीक्षक घडवते. तिची ऑनलाइन परीक्षा मी पास झालोय, चाखण्याची अजून व्हायची आहे. म्हणून मला एका अनुभवी काकांच्या जोडीला बसवलं होतं.) आमच्या टेबलावर आल्या फ्लेवर घातलेल्या स्टाउट. कॉफी, चॉकलेट, व्हॅनिला, नारळ, मिरची, पीनट बटर... एकजण तर वाढदिवसाचा केक घेऊनच आला होता. म्हणजे बाटलीत.

गुणांचा तक्ता ५० चा असतो. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण मत म्हणून १०. वाचायला अगदी शास्त्रशुद्ध. बाटली कोणाची ते माहीत नसतं, फक्त नंबर. प्रत्येकीतून दोन-तीन औंस ओततात, म्हणजे आपल्या कटिंगपेक्षाही कमी. हुंगायचं, घोट घ्यायचा, लिहायचं, पाणी प्यायचं, बिस्किट चावायचं, पुढची.

तिसऱ्या नंबरावर आली एक कॉफी घातलेली ओटमील स्टाउट. नीट होती. कडवटपणा नीट, फेस नीट, कॉफी मागे कुठेतरी उभी. मी ३३ दिले आणि खाली शेरा मारला: "कॉफी अजून ठळक हवी. पुढच्या वेळी जरा धीट व्हा."

सातव्या नंबरावर केक आला. ग्लास नाकाशी नेला आणि आख्खं टेबल "वॉव" म्हणालं. व्हॅनिला, बटर, चॉकलेट, वर दुधाच्या साखरेचा गोडवा. मी ४१ दिले, काकांनी ४२. केक पहिला आला.

उरलेल्या न उघडलेल्या बाटल्या परीक्षकांना घरी नेऊ देतात. मी नेमक्या या दोन उचलल्या. शनिवारी रात्री बायको आणि मी पिक्चर लावून बसलो आणि दोन्ही उघडल्या, अर्ध्या-अर्ध्या. केकचा पहिला घोट, वॉव. तिसरा घोट, हं. अर्धा ग्लास झाला तेव्हा बायकोने विचारलं, "तुला आवडतंय का रे हे खरंच?" मी म्हटलं मी याला ४१ दिलेत. ती म्हणाली, "ते नाही विचारलं."

उरलेला केक सिंकमध्ये गेला. कॉफीवाली संपली, आणि संपल्यावर आम्ही दोघांनीही बाटली उलटी करून पाहिली.

आता माझं म्हणणं मांडतो. फ्लेवर घातलेल्या स्टाउट आपण ज्या पद्धतीने चाखतो आणि तोलतो, ती पद्धत स्टाउटला गुणच देत नाही. ती फ्लेवरच्या आवाजाला गुण देते.

पहिली गोष्ट घोटाची. एका घोटात गोड नेहमी जिंकतं. कोका-कोलाने याची केवढी किंमत मोजली ते आठवा. १९७५ मध्ये पेप्सीने लोकांना नाव न सांगता घोट-घोट चाखायला द्यायला सुरुवात केली आणि जास्त गोड असलेली पेप्सी जिंकत राहिली. कोकवाले घाबरले, त्यांनी फॉर्म्युला गोड केला, हजारो लोकांवर चाचण्या केल्या, चाचण्यांमध्ये नवा कोक जिंकला. एप्रिल १९८५ मध्ये तो बाजारात आणला आणि ७९ दिवसांत जुना कोक परत आणावा लागला. यात जुन्या चवीची माया होतीच, पण घोट आणि ग्लास यातला फरकही होता. चाळीस वर्षं होऊन गेली आणि आम्ही अजून घोटानेच न्याय करतोय!

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. परीक्षक व्हायला निघालेल्या माणसाला दोष ओळखायला शिकवतात. बटरसारखा वास आला तर डायअसिटाइल, म्हणजे यीस्टला काम पुरतं करू दिलेलं नाही. हिरव्या सफरचंदासारखा वास, म्हणजे बिअर कच्ची आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव, म्हणजे हवा लागलीय. साध्या आयरिश स्टाउटमध्ये बटर लागलं तर आम्ही टपलेलेच असतो, लगेच गुण कापतो. पण बाटलीच्या कागदावर "केक" लिहिलं असेल तर? तर तेच बटर म्हणजे वा, काय फ्रॉस्टिंग उतरलंय! सातव्या नंबरातलं बटर मुद्दाम आणलेलं होतं की चुकून राहिलेलं, हे मला माहीत नाही. काकांनाही नाही. आम्ही विचारच केला नाही, हा खरा गुन्हा.

नाव वाचून जीभ किती वाकते त्याचा मजेदार पुरावा म्हणजे स्वीडनच्या ऑम्निपोलो आणि इंग्लंडच्या बक्स्टन यांनी मिळून बनवलेली 'यलो बेली'. कागदावर पीनट बटर बिस्किट स्टाउट. आत शेंगदाणे नाहीत, बटर नाही, बिस्किटही नाही. बनवणारे हे उघड सांगतात आणि तरी पिणाऱ्याला बिस्किट लागतं. मला त्या लोकांचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी आपल्या जिभेची मस्करी केली आणि ती बरोबर लागली. (तसंही शेंगदाण्याचं तेल हा फेसाचा शत्रू, त्यामुळे दाण्याचं कूट घालून बिअर करायला जाल तर फेसाला मुकाल. तेल काढलेली पूड किंवा अर्क वापरतात.)

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती लोक विसरलेतच. स्टाउटमध्ये कॉफी आणि चॉकलेट आधीपासून असतं. कुणी न घालता. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. तेव्हापासून धान्य जळू न देता काळंभोर भाजता येऊ लागलं. गिनेस घ्या. त्यात कॉफीचा एक दाणा नाही, कोकोचा कण नाही. आहे ती भाजलेली बार्ली. आपल्याकडे चकलीची भाजणी भाजताना सगळं घर खमंग होतं ना, तेच, अजून बरंच पुढे नेलेलं. ज्या बिअरमध्ये धान्य भाजूनच एवढं येतं, तिच्यात बाहेरचं काही घालताना हात थरथरायला हवा. आमचे हात डबेच्या डबे उपडे करतात, आणि तक्ता त्याला "धीट" म्हणतो.

आता माझ्यावर येणारे आरोप.

"तू सोवळ्यातला आहेस." अजिबात नाही. १५१६ च्या बव्हेरियातल्या पाणी-जव-हॉप्स कायद्याची आरती मी ओवाळत नाही. युरोपात हॉप्सच्या आधी बिअरमध्ये रानातल्या वनस्पती घालायचे, बेल्जियममध्ये आजही धने आणि संत्र्याची साल घालतात. मिल्क स्टाउटसुद्धा शंभराहून जास्त वर्षं जुनी. दुधातली साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही, म्हणून ती तशीच मागे राहून गोडवा देते. (आमच्या काकूलाही पचत नाही. काकू, लॅक्टोज लिहिलेल्या बाटलीपासून लांब राहा. बाकीच्यांपासूनही राहा.) आणि इथल्याच ग्रँड रॅपिड्सच्या फाउंडर्सची ब्रेकफास्ट स्टाउट माझी लाडकी आहे. तिच्यात ओट्स, चॉकलेट, दोन प्रकारची कॉफी, सगळं आहे. पण ग्लास संपताना तोंडात स्टाउट उरते. कॉफी तिचा हात धरून आलेली असते, मानगूट धरून नाही.

"चव ज्याची त्याची, लोकांना आवडतं तर तुझ्या पोटात का दुखतं?" आवडू दे की! विकत घ्या, प्या, केकबरोबर केक प्या. माझं भांडण पिणाऱ्याशी नाहीच. भांडण परीक्षकाशी आहे, म्हणजे माझ्याशी. आवडलं म्हणणं वेगळं आणि ५० पैकी ४१ लिहून सही करणं वेगळं. सही केली की ती "ज्याची त्याची" राहत नाही. पुढच्या वर्षी दहाजण केक बनवून आणतात.

आता पुरणपोळी. (आत्या, आलीस का?) आमची आत्या पुरणात जायफळ किसते तेव्हा खोलीत कोणी बोललेलं तिला चालत नाही. लहानपणी मी तिला म्हटलं होतं की अजून घाल, वास मस्त येतो. ती म्हणाली, "खाणारा जायफळ छान आहे म्हणाला तर माझं पुरण बिघडलं. तो पोळी छान आहे म्हणाला पाहिजे." आणि जायफळ विसरली तर? तर मात्र सगळ्यांना कळतं, काहीतरी गेलंय. बीजेसीपीची जाडजूड नियमावलीही फिरून-फिरून तेच सांगते, की घातलेला जिन्नस आणि बिअर यांचा मेळ बसला पाहिजे. नियम चुकीचा नाही. दोन औंसांत, थंडगार ग्लासात, तीन-चार मिनिटांत तो मेळ दिसतच नाही, एवढंच.

नुसतं ओरडून उपयोग नाही, म्हणून माझ्या मागण्या. सगळ्या बाटल्यांचे पेले भरून प्या असं मी म्हणत नाही. यातल्या कित्येक १० टक्क्यांच्या वर असतात, परीक्षकांना उचलूनच न्यावं लागेल. पण शेवटी उरलेल्या तिघींसाठी एवढं करा. अर्धा पेला ओता. फ्रीजमधून काढून थांबा, १० ते १२ अंशांपर्यंत येऊ द्या, कारण थंडीत दोषही झोपतात. मग वीस मिनिटं गप्पा मारत प्या. आणि तक्त्यात दोन प्रश्न वाढवा. यातला फ्लेवर काढून घेतला तर उरेल ती स्टाउट चांगली आहे का? आणि तुम्ही पेला संपवलात का?

दुसऱ्या प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही. पेला समोरच असतो.

शेवटचं, आणि खरं तर याचसाठी लिहायला बसलो. गुणांचे कागद स्पर्धकाला पाठवतात. म्हणजे तीन नंबरवाल्या त्या माणसाकडे (किंवा बाईकडे) माझ्या अक्षरातला तो शेरा पोचला असणार. त्याने तो वाचला असेल, पहिल्या आलेल्या केकचं नाव वाचलं असेल, आणि पुढच्या बॅचमध्ये कॉफी दुप्पट टाकायचं ठरवलं असेल. कदाचित व्हॅनिलाही आणून ठेवलं असेल. मला त्याचं नाव माहीत नाही, आणि तो मराठी वाचत असण्याची शक्यता शून्याच्या आसपास आहे. स्पर्धेच्या लोकांना मेल टाकून निरोप पोचवा म्हटलं, तर निकाल लागल्यावर परीक्षकांनी स्पर्धकांशी बोलायचं नाही असं उत्तर आलं. बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून इथे लिहून ठेवतो. बाबा रे, तुझी कॉफी जिथे उभी होती तिथेच बरोबर होती. धीट मी व्हायला हवं होतं.

असो. आईचा फोन येतोय.